देवळालीचा ६१७४

कोणताही चार आकडी नंबर घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने लिहा (शून्यही धरा) आणि वजाबाकी करा. उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ चे होतात ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. पुढे ६१७४च! जास्तीत जास्त सात वजाबाक्या.

हे १९४९ मध्ये मांडलं देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी नाव दिलं 'हर्षद'. ६१७४ भागिले १८ बरोबर ३४३, म्हणजे साताचा घन. हाही हर्षदच!

'पण याचं अ‍ॅप्लिकेशन काय?' हा आम्हा इंजिनिअर लोकांचा ठरलेला प्रश्न. मी कॉन्व्हेंटवाली, म्हणून हर्षदचा अर्थ आजीला विचारला. ती म्हणाली, आनंद देणारा.

मिळालं की अ‍ॅप्लिकेशन!