गाडीचा अर्थ

माझ्या धर्मग्रामातील लोक मला दोन गोष्टींवरून ओळखतात : लांबलेल्या प्रवचनावरून आणि जुन्या पद्मिनीवरून. पहिल्या गोष्टीबाबत ते क्षमाशील आहेत. दुसरीबाबत त्यांना कुतूहल आहे. ‘फादर, नवी गाडी का घेत नाही?’ हा प्रश्न रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर एकदा तरी कानी पडतोच. मी हसून वेळ मारून नेतो. आज त्या प्रश्नाचे खरे उत्तर लिहून ठेवावे असे वाटते. कारण ते गाडीपेक्षा माझ्याविषयीच अधिक आहे.

गाडी १९८६ सालची. एका ज्येष्ठ धर्मगुरूंनी निवृत्त होताना तिची किल्ली माझ्या हाती ठेवली आणि म्हणाले, ‘दर पावसाळ्यापूर्वी हिला एकदा विचारीत जा, कुठे दुखते आहे म्हणून.’ मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

तरुण वाचकांसाठी एवढे सांगायला हवे, की वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीने इटलीच्या फियाटशी करार करून ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनविली. १९६४ मध्ये ती ‘फियाट ११०० डिलाईट’ म्हणून आली, १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, चार दारे आणि समोर दोन गोल, किंचित आश्चर्यचकित दिसणारे दिवे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात तिने मुंबईच्या कित्येक पिढ्यांची ने-आण केली आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजी तिची ती सेवा संपली. तिच्या पोटात संगणक नाही. बारा व्होल्टची बॅटरी, ती भरणारा डायनामो, मूठभर फ्यूज आणि रंगीत तारांचा एक जुडगा, एवढाच तिचा विजेचा संसार. तो समजून घ्यायला विद्वत्ता लागत नाही, लक्ष लागते. सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, लॅटिनची थोडी ओळखही करून घेतली. लक्ष देणे मात्र मला एका रात्रीने शिकविले.

२०१६ सालचा जुलै महिना. त्या वेळी मी वसईच्या किनारपट्टीवरील एका धर्मग्रामात होतो. समुद्र जवळ असल्याने हवा खारट. लोखंडी खिळा दोन पावसाळ्यांत हातात भुगा होऊन यावा अशी. गाडीचे दिवे वर्षभरात हळूहळू मंद होत गेले होते. वाड्यांमधून जाणारे अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना केळीची गर्द झाडी, वर धुवाधार पाऊस. पुढचे काही दिसेना. मी विचार केला, प्रकाश कमी पडतो ना? मग मोठा दिवा बसवू. मूळचे दिवे ४५/४० वॅटचे होते, म्हणजे लांबचा झोत ४५ आणि जवळचा ४०. मी बाजारातून १००/९० वॅटचे हॅलोजन आणून स्वतःच्या हाताने बसविले. नियमाला ते मान्य नाहीत, हे दुकानदाराला ठाऊक होते आणि खरे तर मलाही. पहिल्या रात्री समोरचा रस्ता लख्ख उजळला आणि मला फार समाधान वाटले.

गणित साधे होते, पण मी ते केले नाही. ४५ वॅटचा दिवा बारा व्होल्टवर पावणेचार अँपिअर वीज घेतो. १०० वॅटचा सव्वाआठच्याही वर. माझ्या गाडीत प्रत्येक झोताला आठ अँपिअरचा फ्यूज होता. चार दिवस तग धरून त्यांतला एक उडाला. मी दुसरा घातला, तोही उडाला. तेव्हा मी एका जुन्या वायरीच्या पोटातून तांब्याची तार उपसली, उडालेल्या फ्यूजला दोन वेढे दिले आणि तो जागेवर बसवला. मग काही तो उडाला नाही. उडणार कसा? उडणे हेच त्याचे काम होते आणि तेच मी काढून घेतले होते. पापनिवेदनाच्या आसनावर बसून ज्याने अनेकांना विवेकाचा आवाज दाबू नका म्हणून सांगितले, त्या माणसाने आपल्या गाडीचा विवेक तांब्याच्या तारेने बांधून टाकला होता.

त्यानंतर चौथ्या रात्री अकराच्या सुमारास फोन वाजला. गावाच्या टोकाच्या वाडीत एक वृद्ध शेतकरी अत्यवस्थ होते. शुद्धीवर होते आणि धर्मगुरूंना बोलवा म्हणत होते. मी पवित्र तेलाची डबी आणि ख्रिस्तशरीर घेतले आणि निघालो. पाऊस कोसळत होता. मी लांबचा झोत लावला. वाडीकडे वळणारा रस्ता दिसू लागला, पलीकडे केळीच्या पानांआडून घराचा मिणमिणता दिवाही दिसला. आणि त्याच क्षणी डॅशबोर्डमागून जळक्या रबराचा वास आला, धूर आला आणि सारे दिवे एकदम विझले. पुढे काय होते ते मला आजही नीट सांगता येत नाही. बॉनेट उघडून, चटके सोशीत मी बॅटरीचा क्लँप उपटला. आग लागली नाही ही देवाची कृपा. मोबाईल भिजून निकामी झाला होता. दीड किलोमीटर अंतर मी काळोखात, गुडघाभर पाण्यातून, डबी छातीशी धरून चाललो. पोहोचलो तेव्हा घरात प्रार्थना सुरू होती. दहा मिनिटांपूर्वी ते गेले होते.

ईश्वराने आपले सामर्थ्य संस्कारांना बांधून ठेवलेले नाही, ही संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण मला सेमिनरीपासून पाठ आहे. शोकाकुल कुटुंबांना मी ती अनेकदा समजावून सांगितली आहे आणि त्या रात्रीही सांगितली. पण स्वतःच्या बचावासाठी ती वापरण्याचे धैर्य मला झाले नाही. घरातील सून म्हणाली, ‘पाऊसच एवढा होता, फादर, तुम्ही तरी काय करणार?’ मी गप्प राहिलो. पावसाचा त्यात काही अपराध नव्हता.

गाडी ओढत नेली ती वसई स्थानकाजवळच्या एका टपरीत. तिथे नाना बसत. सत्तरी ओलांडलेले, चाळीस वर्षे मुंबईच्या टॅक्सींचे वायरिंग केलेले. त्यांनी तो तार गुंडाळलेला फ्यूज चिमटीत धरून माझ्याकडे पाहिले. बोलले काही नाहीत. मग दिवा काढला आणि विचारले, ‘एवढा मोठा बल्ब कशाला घातला, फादर?’

‘प्रकाश कमी पडत होता.’

‘मग तो कमी का पडतो, हे आधी विचारायचं नाही का?’

जळलेल्या तारा कापून त्यांनी तात्पुरती जोडणी केली, जुना दिवा लावला आणि मीटर धरला. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट होते. दिव्याच्या तोंडाशी जेमतेम साडेदहा. दोन व्होल्ट वाटेतच हरवले होते. दिव्याचा स्वभाव असा, की व्होल्टेज थोडे घटले तरी प्रकाश फार घटतो : बाराच्या जागी साडेदहा मिळाले तर जवळजवळ तिसरा हिस्सा प्रकाश नाहीसा होतो. मग नानांनी मीटरची एक सळई दिव्याच्या काळ्या तारेला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली. काटा एका व्होल्टवर गेला. तिथे तो शून्याजवळ हवा होता.

‘बघा,’ नाना म्हणाले, ‘अर्धं दुखणं इथं आहे. तुमच्या गाडीला अर्थच नाही!’

टपरीतला पोऱ्या खुदकन हसला. मीही हसलो असतो, पण ते वाक्य आत कुठेतरी रुतले. आयुष्यभर शास्त्रवचनांचा अर्थ सांगणाऱ्या माणसाला कोणी असे सांगावे! वायरमन मंडळींचा ‘अर्थ’ म्हणजे परतीची वाट. आपल्या गाडीत बॅटरीचे ऋण टोक थेट पत्र्याला जोडलेले असते. वीज तारेतून दिव्यापर्यंत जाते आणि गाडीच्या अंगातून, पत्र्यातून, माघारी येते. जाण्याची वाट आपल्याला दिसते. तिला रंग असतो, फ्यूज असतो, स्विच असतो. येण्याची वाट कोणाच्या नजरेत भरत नाही. एका बोल्टखाली गंज साचला, की ती आक्रसते. आणि परतीची वाट अडली, की जाणेही अडते. खाऱ्या हवेने माझ्या गाडीचे हे बोल्ट तांबेऱ्याने झाकून टाकले होते. उरलेला अर्धा दोष तीस वर्षे झिजलेल्या स्विचचा. मी त्या दुबळ्या वाटेवरून दुप्पट बोजा वाहून नेऊ पाहत होतो. जिथे जोड खराब, तिथे उष्णता. आणि ओरडून सांगणाऱ्या फ्यूजचे तोंड मी बंद केले होते.

दुरुस्तीला चार दिवस लागले. रोज दुपारी जाऊन मी नानांच्या हाताखाली बसलो. प्रथम त्यांनी अर्थाचे सारे बोल्ट सोडविले, त्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट पुन्हा आवळले आणि वर पेट्रोलियम जेली चोपडली. प्रत्येक दिव्याच्या काळ्या तारेसाठी थेट बॅटरीपर्यंत नवी तार टाकली. इंजिन आणि चासी यांना जोडणारी वेणीसारखी विणलेली पट्टी बदलली. तिचे निम्मे धागे तुटलेले होते.

मग आले रिले, जवळच्या झोतासाठी एक आणि लांबच्या झोतासाठी एक. काडेपेटीपेक्षाही लहान अशा त्या डबीला चार पाय असतात आणि त्यांवर आकडे कोरलेले असतात : ३०, ८५, ८६, ८७. ८५ आणि ८६ मधून किंचितशी वीज जाते आणि आतल्या लोखंडाचे चुंबक होते. ते पाते ओढून घेते आणि ३० कडून ८७ कडे जाणारा मोठा दरवाजा उघडतो. दिव्याची सारी वीज बॅटरीकडून जाड तारेने, स्वतंत्र फ्यूजमधून थेट येते. जुन्या स्विचने आता फक्त इशारा द्यायचा. म्हाताऱ्याच्या डोक्यावरचे ओझे उतरवून त्याच्याकडे घरातला वडीलकीचा शब्द ठेवावा, तशी ही व्यवस्था मला वाटली.

डायनामोच्या जागी नानांनी अल्टरनेटर बसविला. डायनामो मंद गतीला जवळजवळ उपाशी असतो. वाहनांच्या गर्दीत थांबले, की लाल दिवा लुकलुकतो आणि बॅटरी स्वतःच्या साठ्यावर जगते. अल्टरनेटर संथ गतीतही भरणा चालू ठेवतो. शेवटी दिवे. मला वाटले होते, आता वाट भक्कम झाली तर शंभर वॅटचे परत लावू. नानांनी ६०/५५ चे लावले. ‘समोरून येणारासुद्धा कोणाचा तरी बाप असतो,’ एवढेच ते म्हणाले. ६० वॅटचा दिवा पाच अँपिअर घेतो. आठाचा फ्यूज निवांत असतो. आणि आश्चर्य असे, की पूर्ण व्होल्टेज मिळाल्यावर तेच दिवे रस्त्याला पुरून उरले. अलीकडे आमच्या युवा संघातील एक मुलगा एलईडी बल्ब लावा म्हणतो. या जुन्या दिव्याची तबकडी तारेच्या एका बिंदूसाठी घडविलेली आहे. प्रकाशाचा उगम त्या बिंदूवरून हलला, की झोत विस्कटून समोरच्याच्या डोळ्यांत जातो, हे मी त्याला नानांच्याच शब्दांत समजावले.

महिन्याच्या मिस्सानंतर मी त्या घरी गेलो. वृद्धाच्या पत्नी ओटीवर बसल्या होत्या. मी त्यांना सारे सांगितले : दिवा, फ्यूज, तार. काहीही मागे ठेवले नाही. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘त्या रात्री मी इथंच उभी होते, फादर. रस्त्याच्या वळणावर मोठा उजेड दिसला. मी आत धावत गेले, त्यांना सांगितलं, फादर आले. त्यांनी मान हलवली. बाहेर येऊन बघते तर उजेड नाही. मला वाटलं, भास झाला. तो तुमचाच उजेड होता ना?’

‘होय,’ मी म्हणालो.

‘मग बरं झालं. मी खोटं नाही सांगितलं त्यांना.’

त्या वाक्याने मला क्षमा मिळाली की माझ्या पदरी अधिक ओझे आले, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. ते गृहस्थ मी आलो असे समजून गेले. मी आलो नव्हतो. त्या दोहोंमधले दीड किलोमीटर माझे आहे.

नाना आता नाहीत. दर जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी बॉनेट उघडतो. अर्थाचे बोल्ट सोडवून घासतो, फ्यूजची टोके पुसतो, मीटर धरून दिव्यापासून बॅटरीपर्यंतची परतीची वाट मोजतो. काटा शून्याजवळ राहिला पाहिजे. तार गुंडाळलेला तो काळवंडलेला फ्यूज माझ्या टेबलाच्या खणात, पवित्र तेलाच्या डबीशेजारी ठेवलेला आहे. रात्री-अपरात्री डबी उचलताना बोट त्याला लागते.

नवी गाडी घेण्यात काही पाप नाही, पुढेमागे घेईनही. पण तिच्यात मला हात घालता येणार नाही आणि विचारण्याची लागलेली सवय मोडेल, अशी भीती वाटते. तूर्त रोज सायंकाळच्या प्रार्थनेनंतर मी पद्मिनी गॅरेजच्या भिंतीसमोर उभी करून दिवे लावतो. भिंतीवर दोन गोल उमटतात. दोन्ही सारखे उजळलेले दिसले, की दिवे मालवतो आणि दार लावून घेतो.