अंश आणि छेद

आकड्यांत माणूस हरवतो, अशी तक्रार करणारी मंडळी पुष्कळ आहेत. हा सुस्कारा तसा सोयीचा असतो. तो टाकला की गणितही करावे लागत नाही आणि आपण मोठे सहृदय दिसतो ते वेगळेच! आमच्या उदगीरच्या गल्लीत येणाऱ्या आशाताईंची वही पाहिल्यापासून मात्र मला हा सुस्कारा टाकवत नाही.

पावसाळा सरता सरता, दिवाळीच्या फराळाचे वेध लागतात त्या सुमारास, ताई घरोघर फिरून रांजण, हौद, पिंपे पाहतात. कशात डासांच्या अळ्या आहेत ते बॅटरीच्या उजेडात शोधतात आणि वहीत मांडतात. पूर्वी हे काम म्हणजे रकाने भरणे एवढेच होते. पुढे त्या एका प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि चहाच्या कपाशी बसून मलाच शिकवू लागल्या.

“मामा, समजा दहा घरांत अळ्या सापडल्या. लई झाल्या का थोड्या?”

मी म्हटले, “लईच की!”

“किती घरांपैकी, ते विचारलं का तुम्ही?”

मी गप्प. पन्नास घरांपैकी दहा म्हणजे शेकडा वीस, दोनशेंपैकी दहा म्हणजे शेकडा पाच. वरचा आकडा तोच, पण खालचा बदलला की गल्लीचे नशीब बदलते. शाळेत आपण अंश आणि छेद शिकतो. आपले सगळे लक्ष अंशाकडे असते. खरे बोलतो तो छेद. एवढे कळले, की औषधाची पहिली फेरी कोणत्या गल्लीत न्यायची हे ओरडणाऱ्याच्या आवाजावरून ठरत नाही.

गंमत अशी, की या विद्येचे एक मूळ आमच्या बाजूचेच म्हणावे लागेल. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. सिकंदराबाद आणि उदगीर तेव्हा एकाच निजामाच्या राज्यात होते. 1902 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण रॉस गणिताचेही वेडे होते, हे फारसे कोणी सांगत नाही. ‘सगळे डास कसे मारणार?’ असे लोक हसून विचारीत, तेव्हा त्यांनी समीकरणे मांडून दाखवले, की सगळे मारण्याची गरजच नाही. डास एका मर्यादेखाली आणले, की रोग आपोआप ओसरू लागतो.

हिशेब साधा आहे. एका रोग्यापासून दोघांना लागण झाली, तर एकाचे दहाव्या फेरीला 1024 होतात. उलट चार रोग्यांमागे तीनच नवे रोगी झाले, तर हजारांचे दहाव्या फेरीला साठाच्याही आत येतात. एकाच्या वर आणि एकाच्या खाली, एवढाच काय तो फरक!

डेंग्यूचा डास हिवतापाच्या डासाहून निराळा. त्याला घरातले स्वच्छ, साठवलेले पाणी आवडते. आणि साठवण तर आमच्या हाडीमाशी खिळलेली. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तो हा मुलूख! इथे ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशी सांगण्यासारखे आहे.

आमच्या सौभाग्यवती तर ताईंवर उखडल्याच. “पाणी का सांडायला भरलंय होय?”

ताई हसल्या. “सांडू नका मावशी. फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या, रांजण आतून खसाखसा घासा आणि पाणी परत ओता. अंडी काठाला चिकटून राहतात. अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. त्याच्या आत एकदा घासलं की झालं.”

मग त्यांनी वही उघडून दाखवली. अळ्या साऱ्या भांड्यांत नव्हत्याच. त्या मुख्यतः बिनझाकणाच्या पिंपांत होत्या. तेवढी झाकली तरी पुष्कळ साधत होते. मोजल्यामुळे काम वाढले नव्हते, उलट कमी झाले होते. सौभाग्यवतींनी त्याच दुपारी पिंपावर जुने लुगडे ताणून बांधले.

गेल्या साली शेजारचा सात वर्षांचा पोरगा डेंग्यूने अंथरुणाला खिळला होता. त्याची आई रात्रभर उशाशी बसून असे. त्या माउलीपुढे शेकडेवारीची भाषा कोणी काढू नये, हे मलाही कबूल आहे. पण ताईंच्या वहीत त्या घराची एक ओळ आहे, आणि तिच्यावरून आजूबाजूची सारी घरे दुसऱ्याच दिवशी तपासली गेली. आईची माया एका उशाशी जागते; वहीतला हिशेब साऱ्या गल्लीच्या उशाशी जागतो. तेव्हा यंदा फराळाचे ताट देताना ताईंना एवढेच विचारा, “ताई, आमच्या गल्लीचा छेद किती?” त्यांना आनंद होईल आणि तुमचे पिंपही तपासून होईल!