अण्णांचं वेढं

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर ‘कालनिर्णय’ असतंच. हिला त्यात चतुर्थी बघायची असते आणि निवृत्त झाल्यापासून मला अमावस्या-पौर्णिमा. “एवढे धार्मिक कधीपासून झालात?” असं एका पाहुण्यांनी विचारलं, तेव्हा ही म्हणाली, “धार्मिक कसले! यंत्र घेऊन समुद्रावर सोनं शोधत फिरतात!”

तिचं खोटं नाही. पण मी शोधत होतो ते सोनं एकच.

१९८९ च्या जूनमध्ये अण्णा आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. हर्णैचा माणूस, म्हणून हौसेने त्यांना अ‍ॅस्बरी पार्कचा समुद्र दाखवायला नेलं. पँट दुमडून ते पाण्यात उतरले, ओंजळीने पाणी तोंडावर घेतलं आणि ओरडले, “पुळण आपल्यासारखीच रे, पाणी मात्र बर्फ!” रात्री जेवताना लक्षात आलं, बोटातलं सोन्याचं वेढं नाही. आजोबांनी त्यांच्या लग्नात घातलेलं. “जाऊ दे, समुद्राला वाहिलं समज,” म्हणाले. पण परत जाईपर्यंत त्यांचा अंगठा त्या मोकळ्या बोटावरून फिरत राहिला, तो मी बघत होतो. १९९८ मध्ये अण्णा गेले.

निवृत्तीला मुलीने मेटल डिटेक्टर भेट दिला. उत्साहाने निघालो तो थेट सँडी हूकला. नशीब, यंत्र बाहेर काढण्याआधी रेंजरला विचारलं! ती जागा नॅशनल पार्क सर्व्हिसची, तिथे डिटेक्टरला साफ बंदी. स्टेट पार्कचे नियम वेगळे, गावोगावच्या किनाऱ्यांचे आणखी वेगळे. पहिला धडा मिळाला: आधी फोन, मग फावडं.

दुसरा धडा ग्रंथालयात मिळाला. जुनी पोस्टकार्डं आणि फोटो बघायचे आणि माणसं कुठे जमत होती ते शोधायचं. ८ सप्टेंबर १९३४ ला ‘मॉरो कॅसल’ हे जळतं जहाज अ‍ॅस्बरी पार्कच्या कन्व्हेन्शन हॉलशेजारी येऊन रुतलं. ते बघायला लोटलेल्या गर्दीचे फोटो आहेत. जिथे गर्दी, तिथे खिशातून पडलेली नाणी. अंगठ्या मात्र बहुधा पाण्यातच जातात, कारण गार पाण्यात बोटं आखडतात. अण्णांचंही तेच झालं असणार. उधाणाच्या ओहोटीला पाणी खूप मागे हटतं आणि एरवी बुडालेली वाळू उघडी पडते. ही उधाणं अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला येतात, म्हणून ते कालनिर्णय! ओहोटीची नेमकी वेळ मासेमारीच्या सामानाच्या दुकानातल्या तक्त्यावरून घ्यायची.

गावाच्या कचेरीत विचारून दोन हिवाळे अ‍ॅस्बरी पार्कच्या ओल्या वाळूत फिरलो. मिळाल्या त्या सोड्याच्या कॅनच्या कड्या. सोन्याची अंगठी आणि ती कडी यंत्राला जवळजवळ सारखीच ऐकू येते. त्यामुळे दर वेळी छाती धडधडायची आणि दर वेळी कडी निघायची.

मग एक दिवस ग्रंथालयातल्या कात्रणांत तिसरा धडा सापडला. सी ब्राइट ते मानस्क्वान या २१ मैलांच्या किनाऱ्यावर १९९४ पासून टप्प्याटप्प्याने समुद्रतळाची वाळू पंपाने आणून ओतली होती. २०१२ च्या सँडी वादळानंतर पुन्हा ओतली. म्हणजे किनारा रुंद झाला, पाणी पुढे सरकलं. अण्णा ज्या पाण्यात उभे होते, तिथे आता कोरडी वाळू! मी दोन वर्षं नव्या समुद्रात जुनं वेढं शोधत होतो.

अल्बममधून त्या दिवशीचा फोटो काढला. अण्णा पाण्यात, मागे कन्व्हेन्शन हॉल. हॉल अगदी तसाच दिसेपर्यंत वाळूत मागे-पुढे सरकत राहिलो. एका जागी सगळं जुळलं. जवळच एक पोरगं प्लॅस्टिकच्या फावड्याने खड्डा खणत होतं. माझं यंत्र जेमतेम फूटभर खालचं ऐकतं आणि मधे किती वर्षांची वाळू! मी ते बंद केलं.

“सापडलं का हो?” थर्मासमधला चहा ओतत हिने विचारलं.

“जागा सापडली,” मी म्हणालो. तिने पुढे काही विचारलं नाही. आम्ही तिथेच बसून चहा प्यायलो.

आता उन्हाळ्यात नातीला ती जागा दाखवायची आहे. पाण्यात उतरण्याआधी हातातली अंगठी काढून गाडीत ठेवायला मात्र सांगणार आहे. तुम्हीही ठेवा!