घाट उतरवताना

कॉम्रेड्सला चाललोय म्हटलं, की ऐकणाऱ्याचे डोळे मोठे होतात. नव्वद किलोमीटर? एका दिवसात? पळत? मग पुढचा प्रश्न येतो, चढ किती आहे. आपण खरं ते सांगतो : यंदा 'डाऊन रन' आहे, डोंगरावरच्या गावाहून समुद्राकडे उतरत जायचं. झालं, डोळे पूर्ववत. माझ्या मावशीने तर मेथी निवडता निवडता विषयच संपवला. "उतारच आहे ना? मग एवढं महाग विमानाचं तिकीट कशाला काढलंस? सिंहगड आहे की इथे."

सिंहगडाचं तिचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं. त्यावर येतोच.

कॉम्रेड्सच्या नावात मॅरेथॉन असली, तरी अंतर ४२ किलोमीटर नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमारित्झबर्ग आणि डर्बन या दोन शहरांमधला हा रस्ता ८७ ते ९० किलोमीटरच्या आसपास भरतो. साधारणपणे एक वर्ष खालून वर, पुढच्या वर्षी वरून खाली. विक क्लॅपॅम नावाचा माणूस पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत सैन्याबरोबर भयंकर चालला होता. गेलेल्या सोबत्यांची आठवण पुतळ्यात न ठेवता लोकांच्या पायांत ठेवावी, असं त्याच्या मनाने घेतलं. २४ मे १९२१ ला ३४ जण सुटले आणि १६ जण पोचले. ती पहिली शर्यत उताराचीच होती. क्लॅपॅम पेशाने रेल्वेचा इंजिन ड्रायव्हर. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, कारण उतार कसा पळायचा हे मला शिकवलं तेही एका ड्रायव्हरनेच.

आमच्या ग्रुपमधले हे काका एसटीतून निवृत्त झालेले. आंबेनळी, कुंभार्ली, वरंध, सगळे घाट त्यांनी रात्री-अपरात्री, पावसात, धुक्यात उतरवलेले. रिटायर झाल्यावर शुगर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि चालता चालता हे पळायला कधी लागले ते घरच्यांनाही कळलं नाही. रविवारी पहाटे आम्ही बोपदेव घाटात जायचो. माथ्यावरून परत वळलो, की पोरं सुसाट सुटायची आणि मागून काकांचा आवाज यायचा, "अरे ब्रेकवर नका उतरू! इंजिनावर उतरा!"

एसटीत नव्या ड्रायव्हरला म्हणे हेच पहिलं सांगतात. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरायचा. न्यूट्रल टाकून डिझेल वाचवायला गेलात, किंवा ब्रेकवर पाय ठेवून बसलात, की लायनर तापतात. आणि खालच्या वळणावर खरोखर ब्रेक हवा असतो तेव्हा तो लागत नाही.

आपल्या पायात हे लायनर म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. चढावर तो आखडतो आणि शरीराला वर ढकलतो; काम कष्टाचं, पण सरळ. उतारावर त्याला उलटं काम पडतं. गुडघा वाकत असतो, स्नायू ताणला जात असतो, आणि त्याच वेळी त्याला आखडून अंगाचं सगळं वजन झेलायचं असतं. दर पावलाला हे एकदा. त्यात स्नायूच्या बारीक बारीक तंतूंना इजा होत जाते. गंमत अशी, की छातीला याची खबर नसते. दम लागत नाही, नाडी शांत, गप्पा मारता येतात. घड्याळातला वेग बघून माणूस खूश होतो. दुखणं त्या दिवशी पुरतं कळतही नाही, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. म्हणून काकांचं 'इंजिनावर उतरणं' पायात आणायचं ते असं : पावलं आखूड आणि भरभर, अंग मागे न रेलता किंचित पुढे, पाय शरीराच्या खालीच पडला पाहिजे. टाच लांब पुढे टाकली की तो ब्रेक.

आणि आता मावशीचा सिंहगड. स्नायूची एक चांगली खोड आहे. उतारावर एकदा नीट दुखून बरा झाला, की पुढचे काही आठवडे तो तेवढ्याच कामाला तितका दुखत नाही. म्हणजे शर्यतीच्या आधी मुद्दाम जाऊन त्याला दुखवून आणायचं. आम्ही जीपने गडावर जायचो आणि डांबरी घाटाने पळत खाली यायचो. पिठलं-भाकरीच्या वासातून उलट्या दिशेने, उपाशी. पाठीवर सॅक घेऊन घामाघूम होत चढणारी माणसं आमच्याकडे अशा नजरेने बघायची, की या लोकांना चढायचा कंटाळा, उतरायची मात्र हौस.

या बाबतीत सगळ्या जगाचं मत मावशीसारखंच आहे. रस्त्यावरच्या विश्वविक्रमाला अट अशी, की सुरुवातीपेक्षा शेवट किलोमीटरमागे सरासरी एक मीटरहून जास्त खाली नसावा, आणि सुरुवात व शेवट यांमधलं सरळ अंतरही शर्यतीच्या अर्ध्याहून जास्त नसावं. २०११ मध्ये बॉस्टनला जेफ्री मुताई २ तास ३ मिनिटं २ सेकंदांत पोचला. तेव्हाच्या विश्वविक्रमाहून जलद, पण बॉस्टनचा रस्ता दोन्ही अटींत बसत नाही, म्हणून तो विक्रम धरला गेला नाही. आता तर खुद्द बॉस्टनवाल्यांनीच २०२७ च्या शर्यतीपासून नियम केलाय : डोंगरावरून दीड हजार फुटांहून जास्त उतरणाऱ्या मॅरेथॉनमधली वेळ घेऊन आलात तर त्यात पाच मिनिटं वाढवून धरणार, तीन हजार फुटांच्या वर दहा मिनिटं, आणि सहा हजारांच्या वर असेल तर ती वेळ घेणारच नाहीत. अमेरिकेत नुसत्या उताराच्या, पात्रतेची वेळ काढून देणाऱ्या मॅरेथॉन जागोजागी निघाल्यात, त्यामुळे हा नियम मला रास्त वाटतो. फक्त त्यावरून कुणी उतार फुकट समजू नये. कॉम्रेड्सचेच आकडे बघा. उताराचा विक्रम टेटे डिजानाचा, २०२३ मधला : ५ तास १३ मिनिटं ५८ सेकंद. चढाचा लिओनिद श्वेत्सोवचा, २००८ मधला : ५ तास २४ मिनिटं ४९ सेकंद. बायकांत गेर्डा स्टाइनचा उताराचा विक्रम ५:४४:५४, चढाचा ५:४९:४६. वर्षागणिक अंतर किलोमीटर-दोन किलोमीटरने बदलतं, ते धरूनही बघा. जवळजवळ नव्वद किलोमीटर डोंगर उतरून बाईंचे वाचले काय, तर पाच मिनिटं.

पीटरमारित्झबर्गला जूनमध्ये कडाक्याची थंडी असते. भारतातून गेलेली मंडळी आदल्या दिवशी रेल्वे स्टेशनवर जाऊन येतात. ७ जून १८९३ च्या रात्री गांधीजींना इथेच डब्यातून खाली उतरवलं आणि त्यांनी ती रात्र वेटिंग रूममध्ये कुडकुडत काढली. सगळे पाटीपाशी फोटो काढतात. मीही काढला. मग लक्षात येतं, की शर्यतीचं अंगणही सगळ्यांना खुलं नव्हतं. काळ्या माणसांना आणि बायकांना १९७५ पर्यंत अधिकृत नंबर मिळत नसे. त्यातले काही नंबराशिवाय पळायचे. १९३५ मध्ये रॉबर्ट म्त्शाली असाच पळाला.

पहाटे सिटी हॉलच्या लाल विटांच्या इमारतीसमोर सगळे खेटून उभे. अंगावर फेकून द्यायचे जुने स्वेटर, कुणी कचऱ्याची काळी पिशवी डोक्यातून घातलेली. राष्ट्रगीत होतं, मग 'शोशोलोझा' हे खाणमजुरांचं गाणं, जे इथे प्रत्येकाला पाठ. मग 'चॅरिअट्स ऑफ फायर'ची धून. आणि मग लाउडस्पीकरवर कोंबडा आरवतो. मॅक्स ट्रिम्बॉर्न नावाच्या धावकाने पूर्वी कधीतरी सुरुवातीच्या रेषेवर बांग दिली होती, तिचीच ही रेकॉर्ड. माणसाने दिलेली बांग आहे हे माहीत असूनही अंगावर काटा येतो. मग बंदूक.

आणि पहिल्यांदा काय येतं? चढ. उमलास रोड, म्हणजे सगळ्या मार्गातला सर्वांत उंच भाग, वीसेक किलोमीटरवर आहे आणि तो सुरुवातीच्या गावाहून वर आहे. या 'डाऊन' रनमध्ये हजारेक मीटर चढही आहे, हे मावशीला सांगितलेलं नाही. मध्ये पॉली शॉर्ट्स नावाची टेकडी, 'अप रन'मध्ये शेवटी येऊन भल्याभल्यांना रडवणारी, इथे झुंजुमुंजू होताना ताज्या पायांनी उतरायची. तिथे शेकडो माणसं दोन्ही बाजूंनी आम्हाला मागे टाकत गेली. काका नुसते मान हलवत होते. "न्यूट्रल टाकलंय सगळ्यांनी," म्हणाले.

पुढचा पल्ला देखणा आहे. उसाची शेतं, त्यांच्यावर रेंगाळणारं धुकं, मध्येच कोंबड्यांच्या फार्मचा असा काही दर्प की सगळे एकदम वेग वाढवतात. इंचांगाच्या चढाजवळ एथेंबेनी शाळेची दिव्यांग मुलं रस्त्याकडेला ओळीने बसलेली असतात, टाळीसाठी हात पुढे करून. तिथे कुणी घड्याळ बघत नाही. ड्रमंडला अर्धी शर्यत होते. त्याच्या पुढे दरडीत एक कोनाडा आहे, आर्थर्स सीट. १९२० च्या दशकात पाच वेळा जिंकलेला आर्थर न्यूटन इथे विसाव्याला बसायचा म्हणतात. तिथे फूल ठेवून आर्थरला नमस्कार-चमत्कार केला, की उरलेली शर्यत बरी जाते. आमच्यातल्या एका ताईंनी आधीच्या गावातून कुणाच्या तरी कुंपणावरचं फूल खुडून आणलं होतं. त्या दंतवैद्य आहेत आणि देवाबिवावर त्यांचा विश्वास नाही. फूल ठेवून दोन्ही हात जोडले. उजवीकडे-डावीकडे दऱ्या, हजार टेकड्यांचं खोरं म्हणतात त्याला, निळसर, एकामागे एक. बघावं, पण चालत्या पायांनी बघावं. थांबलं की मांड्या आठवण करून देतात.

मग क्लूफ सुटतं आणि फील्ड्स हिल लागते.

ही खरी डाऊन रन. वीसेक किलोमीटर उरलेले, पायात पासष्टच्या वर, आणि समोर तीन किलोमीटरचा सलग उतार. रुंद रस्ता, एका अंगाला कललेला, त्यामुळे एक पाय दुसऱ्यापेक्षा खाली पडतो. इथे गप्पा बंद होतात. ऐकू येतात ती फक्त पावलं, आणि तीही सकाळची नव्हेत. सकाळी पावलं टपटप पडत होती, इथे थाडथाड आपटतात. पाण्याच्या छोट्या पिशव्या, दातांनी कोपरा फाडून प्यायच्या, त्या पायाखाली फुटतात आणि घोट्यांवर गार पाणी उडतं. नखं बुटाच्या टोकाला जाऊन भिडलेली. प्रत्येक पावलाला गुडघ्याच्या वर काहीतरी थरथरतं. पॉली शॉर्ट्सला आम्हाला मागे टाकून गेलेला एक उंच तरुण मधल्या दुभाजकाला धरून उलटा, पाठमोरा उतरत होता. दुसरी एक बाई आडवी, खेकड्याच्या चालीने. उतारावर चालणाऱ्यांचा हा तांडा आणि आम्ही त्यांच्यातून आखूड पावलं टाकत, हळूहळू पण पळत. काका हिशोब घालत होते, "दुसरा गिअर. दुसराच. अजून वळण आहे."

खाली पाइनटाऊनला मीठ लावलेले उकडलेले बटाटे मिळाले. त्या बटाट्याची चव सांगण्यात अर्थ नाही, ती तिथेच होती. आणि मग काउइज हिल, पुन्हा चढ. आणि चढ आला म्हणून आजूबाजूच्या माणसांनी सुटकेचा श्वास सोडला! इंग्रजीत, झुलूत, आफ्रिकान्समध्ये, हिंदीत. मांडीच्या पुढच्या बाजूला वजन झेलण्यातून सुट्टी मिळाली, मागची बाजूही कामाला लागली. माणसं चढाला धन्यवाद देताना मी तिथेच पाहिली.

तिथून डर्बन. वेस्टव्हिल, हायवे, पूल, एका वळणावर दूरवर समुद्राची रेघ. छातीवरच्या नंबरावर नाव छापलेलं असतं, त्यामुळे अनोळखी माणसं नावाने हाका मारतात. उसाच्या मळ्यांसाठी १८६० पासून आणलेल्या गिरमिटियांची नातवंडं-पतवंडं इथे राहतात. आमच्या तिरंगी बनियनकडे बघून एक आजी मोडक्या हिंदीत ओरडल्या, "बेटा, नीचे ही नीचे है अब!" चांगल्या मनाने म्हणाल्या, पण आमच्यातल्या एकाला रडू आलं.

बारा तासांची मुदत आहे. बारा तास होताना एक अधिकारी बंदूक घेऊन रेषेवर उभा राहतो, येणाऱ्यांकडे पाठ करून, म्हणजे कुणाचा चेहरा बघून बोट अडखळायला नको. आम्ही आधी पोचलो होतो आणि ते बघायला थांबलो. शेवटच्या मिनिटात लोक एकमेकांना खांद्याला धरून ओढत आणत होते. बंदूक वाजली तेव्हा रेषेच्या अलीकडे काही पावलांवर जे होते, ते सकाळपासून आमच्याच रस्त्याने आले होते. मेडल मात्र मिळालं नाही. कॉम्रेड्सचं मेडल मुठीत हरवेल एवढंसं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलची लिफ्ट बंद होती. नाश्ता तळमजल्यावर. देशोदेशीचे धावक जिन्यावर, कठड्याला दोन्ही हातांनी धरून, पाठमोरे, एकेक पायरी खाली येत होते. वर जाणाऱ्यांना काही त्रास नव्हता, ते आरामात चढत होते. कॉम्रेड्समध्ये लागोपाठ दोन वर्षं दोन्ही दिशांनी पळणाऱ्या नवख्याला 'बॅक-टू-बॅक' असं वेगळं मेडल देतात, त्याची चर्चा जिन्यातच सुरू झाली. ताईंनी वरच्या पायरीवरून विचारलं, "मग काका, पुढच्या वर्षी अप रन ना?"

काकांनी वळून बघायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. "नोंदणी कधी उघडते ते बघून ठेवा," म्हणाले, "आणि आधी मला या मजल्यावरून खाली घ्या."