क्षमा कुणाच्या खात्यात?



यंदा गणपतीच्या सुट्टीत नात पुण्याहून आली आणि दशलक्षण पर्वाचे पहिले चार दिवस आमच्याकडे राहिली. वय सोळा, आणि खेळते काय, तर रग्बी! आपल्या अमरावतीला खेळ नवे नाहीत. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथल्या मंडळींनी तिकडे कबड्डी करून दाखवली होती. पण रग्बी म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो.

तिचा खेळ सात-सात जणींचा. आधी ती मैदानाच्या कडेला असायची, चेंडू मिळाला की पळायचं. या वर्षी सरांनी तिला ‘हुकर’ केलं, कारण तिचे पाय चपळ आहेत. ती हिरमुसली होती. “आजी, पळणारीला गर्दीत कोंबलं,” म्हणाली.

ही गर्दी म्हणजे ‘स्क्रम’. दोन्हीकडच्या तीन-तीन मुली वाकून एकमेकींत खांदे अडकवतात, मधे चेंडू टाकतात आणि हुकरने तो पायाने मागे ओढायचा. मला कळेना, तेव्हा तिने हॉलमध्येच दाखवलं. दिवाणावरची गादी भिंतीला उभी केली, धाकट्या मुलाच्या दोन पोरांना आजूबाजूला घेतलं. त्यांना ‘प्रॉप’ म्हणतात, म्हणजे टेकू. हुकरचे दोन्ही हात या दोघांच्या खांद्यांवरून गेलेले. गुडघे वाकलेले, पाठ सरळ, मान वर, खांदे कमरेच्या खाली जाता कामा नयेत. “क्राउच, बाइंड, सेट,” ती ओरडली. वाका, धरा, भिडा.

मी विचारलं, “पडलीस तर हात कुठे टेकशील?”

“टेकता येतच नाही आजी. दोघी धरतात म्हणून मी उभी.”

त्यात शिस्त पुष्कळ आहे. पहिल्या रांगेत शिकलेल्याच मुली उभ्या करायच्या, नसतील तर स्क्रममध्ये ढकलाढकली बंद. एकोणीस वर्षांखालच्या मुलांना दीड मीटरपेक्षा जास्त रेटायला मनाई. पुण्याच्या वाहबिझ भरूचा भारताच्या महिला संघाच्या कर्णधार होत्या, हेही तिनेच सांगितलं. माझी भीती थोडी कमी झाली.

पर्वाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा. सकाळी मंदिरात प्रवचन झालं. घरी आल्यावर पोरगी गप्प. सूर्यास्ताआधी जेवायला बसलो, तर ताटात हात फिरवत बसली. मी स्वयंपाकघर आवरायला गेले तशी मागे आली.

“आजी, एक सांगू? रागावू नकोस.”

एका सराव सामन्यात त्यांचा स्क्रम मागे रेटला जात होता. हिला हरणं सोसेना. हिने मुद्दाम गुडघे सोडले आणि सगळ्या जणी खाली आल्या. पंचांना वाटलं, पाय घसरला. पण समोरच्या मुलीची मान आखडली, ती दोन दिवस सरावाला आली नाही. तिलाही घसरल्यासारखंच वाटलं होतं. हिने कुणालाच खरं सांगितलं नव्हतं.

“मी तुझ्याजवळ क्षमा मागते,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

जवळ घ्यावं, “जाऊ दे बाळा,” म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मी बी.कॉम. झालेली बाई. एकाची उधारी दुसऱ्याच्या खात्यात जमा करून हिशेब जुळत नाही. आपणही काय करतो? क्षमावाणीला दोनशे जणांना फुलांचं चित्र पाठवतो, आणि जिच्याशी तीन वर्षं बोललो नाही ती जाऊबाई तेवढी यादीतून सुटते. माझी सुटली होती, म्हणून सांगते.

खेळात धक्का लागतो, त्याला माझी आता हरकत नाही. आपल्याकडे हिंसा हातापेक्षा आधी भावात बघतात. रेटताना समोरचीला इजा व्हावी असा हेतू नसतो. पण जिचे हात बांधलेले आहेत, तिला जाणूनबुजून पाडणं ही वेगळी गोष्ट. तिने ते आपण होऊन ओळखलं, याचं मला बरं वाटलं.

मी म्हटलं, “माझं तू काही बिघडवलं नाहीस. ज्या मुलीची मान दुखली तिला फोन कर. मग सरांना.”

अर्धा तास मोबाइल हातात धरून बसली होती. मी बाजूला वाती वळत बसले. शेवटी लावला. पलीकडची मुलगी बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “मला वाटलं माझंच चुकलं. मी रोज घरी मान वाकवायचा सराव करत होते.” एवढं बोलून तिने फोन ठेवला. माफ केलं, असं काही म्हणाली नाही.

सरांनी दोन आठवडे सामना बंद केला. फक्त धरायचं आणि उभं राहायचं, पहिल्यापासून. ती पुण्याला जाऊन तेच करतेय. परवा फोन आला होता, “आजी, आज तिने माझ्यासमोर उभं राहायला होकार दिला.”

क्षमावाणीच्या दिवशी मी जाऊबाईंना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. उद्या परत लावीन.