भिवपुरीची निजलेली केळ



गेल्या मार्गशीर्षात माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाचा इंग्लंडहून फोन आला. नोकरीनिमित्त तो तिकडेच राहतो. घरामागे चार हात जागा आहे आणि कोकणातल्या माणसाला जागा दिसली की केळ लावावीशी वाटते. त्यानेही लावली. उन्हाळ्यात ती पुरुषभर वाढली. पण थंडी पडली, एका रात्रीत दहिवर गोठले, आणि सकाळी पाहतो तर सगळी पाने शिजवलेल्या अळूसारखी काळी होऊन लोंबत होती. पोरगा रडवेला झाला होता. "मामा, केळ मेली का हो? उपटून टाकू, की पाणी घालून बघू?"

मी म्हटले, "दोन्ही करू नकोस. चार दिवस थांब, मग सांगतो."

कृषी खात्यात जन्म गेला, पण बर्फातली केळ मी कधी हाताळलेली नाही. मात्र न मरता मेल्यासारखी दिसणारी केळ मी पाहिली आहे, आणि एकदा माझ्या हाताने मारलीही आहे. ती जिथे पाहिली, त्या भिवपुरीला पुन्हा जाऊन यावे असे मनाने घेतले. त्या फेरीची ही हकिगत आहे.

मुंबईकडून येताना नेरळ सोडले की भिवपुरी रोड स्टेशन लागते आणि मग कर्जत. नाव वाचून भिवपुरीला जाणारा नवखा माणूस तिथेच उतरतो आणि फसतो. स्टेशनच्या नावापुढे 'रोड' लागला की गाव लांब आहे असे समजावे. मूळ भिवपुरी पूर्वेला, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी आहे. मी कर्जतला उतरलो आणि सहा आसनी रिक्षात बसलो. मागे माथेरानचा डोंगर, पुढे घाटाची भिंत, मध्ये उल्हास नदीचे खोरे. भाताची कापणी होऊन गेली होती. कुठे वालाचे वेल पसरले होते, कुठे उन्हाळी भाताची रोपे टाकायची लगबग होती.

या भागात उन्हाळी भात कसा होतो हे ठाऊक नसलेल्यांसाठी सांगतो. घाटावर मावळात ठोकळवाडीचे धरण आहे. तिथले पाणी खरे तर इंद्रायणीतून भीमेला आणि पुढे पूर्वेच्या समुद्राला जायचे. ते अडवून मोठमोठ्या नळांतून घाटाखाली सोडले आहे. त्यावर टाटांचे भिवपुरीचे वीजघर १९२२ साली सुरू झाले. वीज करून सुटलेले पाणी राजनाल्याने शेतीला मिळते. म्हणून दिवाळीनंतर कोकणातली इतर खाचरे करपलेली असताना इथे हिरवा पट्टा दिसतो. नाल्याकाठच्या घरांमागे परसात केळी आहेत. सांडपाण्यावर वाढलेल्या, भोवती मुनव्यांचा गोतावळा असलेल्या, बारा महिने हिरव्या.

ही झाली खालची केळ. मला भेटायचे होते वरच्या केळीला.

ठाकरवाडीतून एका जाणत्या बाबांना बरोबर घेतले आणि ओढ्याच्या कडेने चढू लागलो. तासाभराने कारवीची झुडपे मागे पडली आणि काळा कडा समोर आला. कड्यावर मूठभर मातीही नाही. त्या फटीफटींतून मडक्यासारखे फुगलेले करडे बुंधे उभे होते. ना पान, ना पालवी. सोपटे वाळून अंगाला चिकटलेली. नवख्याला वाटावे, कुणी जुने रांजण कड्यात बसवले आहेत.

हीच रानकेळ. कोणी तिला कवदर म्हणतात, कोणी चवेणी. शास्त्रात तिचे नाव एन्सेट सुपर्बम. घरच्या केळीची ही सख्खी बहीण नव्हे, चुलत बहीण. श्रावणात हाच कडा पाहिलात तर ओळखणार नाही. प्रत्येक बुंध्यावर हिरवीगार रुंद पाने छत्रीसारखी उघडलेली असतात आणि त्यांवरून पागोळ्या गळत असतात. पाऊस गेला, कडा तापला, की पाने टाकून देते आणि सगळा जीव बुडख्यात ओढून घेते. मृगाचा पाऊस पडेपर्यंत झोप.

आता माझी चूक सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी या तालुक्यात मी नवा होतो. खिशात बीएस्सीची पदवी आणि अंगात उत्साह. पावसाळ्यात याच कड्याच्या पायथ्याशी घसरून आलेले एक रोप मी उचलले आणि राहत्या खोलीच्या अंगणात लावले. झकास वाढले. कार्तिकात पाने पिवळी पडू लागली. मी म्हटले, पाणी कमी पडते आहे. रोज एक बादली घातली. पाने गळाली, तेव्हा दोन बादल्या. वर शेणखताची पाटी. माघात बुंधा हलवला तर तो हातातच आला. खाली नुसता कुजका चिखल आणि घाण वास.

वाडीवरची एक आजी लाकडाची मोळी घेऊन दारावरून जायची. तिने पाहिले आणि म्हणाली, "सायब, ती मेली नव्हती, निजली होती. निजलेल्याच्या तोंडात पानी वतलं तर त्यो जगंल व्हय?"

पदवीच्या चार वर्षांत कोणी मला हे इतक्या थोडक्यात सांगितले नव्हते. आजही केळीचा प्रश्न घेऊन कोणी आला की मी आधी विचारतो, तुमची केळ जागी आहे की निजली आहे?

यामागचे शास्त्र सोपे आहे. केळीचा आपण ज्याला बुंधा म्हणतो, तो खरा खोड नव्हेच. पानांचे देठ एकावर एक गुंडाळून झालेला तो खांब आहे. खरे खोड जमिनीत असते. तो म्हणजे कंद. मुळे त्याची, पाने त्याची, मुनवेही त्याचेच. वरचे सगळे गेले आणि कंद शाबूत राहिला तर केळ आहे. वरचे हिरवे दिसले आणि कंद कुजला तर केळ गेली. झोपलेला कंद पाणी पीत नाही. पाणी नुसते भोवती साचते आणि तो सडतो.

भाच्याच्या केळीचेही तेच. त्याने लावलेली जात जपानी केळ म्हणून ओळखली जाते. मूळची ती चीनची, शास्त्रीय नाव मुसा बासजू. फळे खाण्याजोगी नसतात, शोभेसाठी लावतात. जपानात तिला बाशो म्हणतात. तिथला एक थोर कवी (१६४४–१६९४) आपल्या झोपडीशेजारच्या या केळीवरूनच बाशो नावाने ओळखला गेला. पाने शून्य अंशाच्या आसपास करपतात, पण जमिनीतला कंद चांगल्या आच्छादनाखाली शून्याखाली दहा अंशांची थंडीही काढतो. आपली रानकेळ कोरड्या दिवसांत निजते, ही गोठत्या दिवसांत. संकट वेगळे, तोड एकच.

कड्यावरून उतरल्यावर भाच्याला फोनवर सांगितले ते असे. काळी पाने कापून टाक. बुंधा कमरेइतका ठेव. भोवती जाळीचे कडे कर, त्यात कोरडा पेंढा किंवा वाळका पाला ठासून भर. वरून झाकण घाल, म्हणजे पावसाचे पाणी आत जाणार नाही. पाण्याचा थेंब घालू नकोस. तिकडचा वसंत आला, दहिवर गोठायचे थांबले, की उघड. वरचा बुंधा मऊ पडला असला तर तेवढा कापून टाक. घाबरू नकोस, कोंब खालून येतो.

तो म्हणाला, "म्हणजे मामा, गोधडी पांघरायची आणि उठवायचे नाही?" म्हटले, "बरोबर. आणि आपली रानकेळ कधी मिळाली तर तिला मात्र बाहेर ठेवू नकोस. ती कोरडी झोप सोसते, बर्फ नव्हे. तिला हिवाळाभर घरात, कोरड्या जागेत ठेवावे लागेल."

पण हे ऐकून एखादा वाचक आपल्या बागेचे पाणी तोडील, म्हणून खुलासा करतो. आपली खाण्याची केळ कधीच निजत नाही. जळगावकडच्या शेतकऱ्याला विचारा. तिथे ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या कांदेबागेला कोवळ्या वयातच थंडी गाठते. पारा दहा अंशांच्या खाली गेला की मुळे मंदावतात, पाने पिवळी पडतात, नवे पान लवकर सुटत नाही. निसवणीला आलेल्या झाडाचा घड पोग्यातच अडकतो. ही केळ झोपलेली नाही, ती जागेपणी कुडकुडते आहे. तिला रात्री विहिरीचे पाणी द्यावे, कारण ते हवेपेक्षा उबदार असते. पहाटे वाऱ्याच्या बाजूला ओला-सुका पाला पेटवून धूर करावा. बुडाशी आच्छादन घालावे, बांधावर शेवरी किंवा उंच गवताचा आडोसा ठेवावा, घड झाकावा. जागतीला पाणी, निजलेलीला कोरडेपणा. हा फरक ओळखला की अर्धी लढाई जिंकली.

आणखी एक फरक आहे, आणि तो मला जास्त बोचतो. कड्याकडे पाहत बाबा म्हणाले, "पहिल्यासारखी राहिली नाय." मीही मनात तेच मोजत होतो. तीस वर्षांपूर्वी त्या एका कड्यावर मला मोजता आली नव्हती इतकी रानकेळ होती. या खेपेला दोन्ही हातांच्या बोटांवर मावली.

असे का व्हावे? घरची केळ तोडली तरी तिची मुनवी असतात. आई गेली तरी लेकी उभ्या. रानकेळीला सहसा मुनवे फुटत नाही. ती कित्येक वर्षे वाढते, आयुष्यात एकदाच फुलते, फळते आणि मरते. तिचा वंश चालतो फक्त बियांवर. फळांत गर थोडा आणि हरभऱ्यापेक्षा मोठ्या, काळ्या, टणक बियाच फार. त्या बिया हाच तिचा संसार. आपण गणपतीत पाने तोडतो, ते ती सोसते. पण बोंड भाजीसाठी काढले किंवा झाडच शोभेसाठी उपटले, तर त्या घराला कुलूप लागले म्हणून समजा.

वाडीवरच्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांच्या आजा-पणजांनी ती खाल्ली आणि राखलीही. ती भूक भागवण्यापुरती काढतात. गाडी भरून नेणारे निराळे. परतताना एका फार्महाऊसच्या फाटकाशी लाल पानांची परदेशी केळ कुंड्यांत ओळीने मांडलेली दिसली. तीही एन्सेटच, आफ्रिकेतली. इथिओपियात तिच्याच जातीचा कंद आणि बुंध्याचा गर आंबवून त्याची भाकर करतात आणि सुमारे दोन कोटी लोक त्यावर जगतात. मोठ्या मानाची केळ, तिच्याबद्दल आकस नाही. पण तिची बहीण समोरच्या कड्यावर सरत चाललेली आणि इथे कुंडीत पैसे मोजून आणलेली. काखेत कळसा नि गावाला वळसा!

तेव्हा डोंगरकडेच्या गावांतल्या माझ्या बंधू-भगिनींना एवढेच सांगणे आहे. भाजीला बोंड हवे तर घरच्या केळीचे घ्या. शेवटची फणी सुटल्यावर ते काढले तर घडाचे नुकसान नाही, उलट घड भरतो. रानकेळीचे ठेवा, कारण घरची केळ परागावाचून फळते, रानकेळीला बी धरायला पराग लागतो. पिकून गळलेल्या फळांतल्या मूठभर बिया आणा, धुऊन दोन-तीन दिवस पाण्यात भिजवा आणि पावसाच्या तोंडावर बांधाच्या दगडी उतारावर, निचऱ्याच्या जागी पुरा. उगवण सावकाश होते, सगळ्या एकदम येत नाहीत, म्हणून जागा लगेच खणू नका. आणि आलेले रोप दिवाळीनंतर वाळले तर माझ्यासारखी बादली घेऊन धावू नका.

बाबांनी कपारीतून वेचलेल्या अकरा बिया माझ्या हातावर ठेवल्या. पाच त्यांनाच परत दिल्या, वाडीच्या वरच्या बांधासाठी. सहा मी घेऊन आलो. मृगात त्या भिजत घातल्या आणि अंगणाच्या कोपऱ्यात, दगडांच्या राशीत पुरल्या. अजून कोंब नाही. घरात रोज कोणीतरी विचारते, पाणी घालू का? मी नाही म्हणतो.

भाच्याचे मात्र कळवतो. वैशाखात त्याने फोनवर चित्र पाठवले. पेंढा बाजूला सारलेला, बुंध्याचा वरचा भाग कुजून गेलेला, आणि मधोमध बोटाएवढी हिरवी सुरळी.