लाखनीला ऑटम नसतो!

सर्वप्रथम एक कबुली. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे माझं मराठी म्हणजे खिचडी. चूकभूल माफ असावी!

आमच्या शाळेच्या पुस्तकात चार ऋतू होते. 'ऑटम'च्या पानावर लाल-पिवळी पानं आणि मफलर गुंडाळलेली गोरी मुलं. मी ते पाठ करायचो आणि घाम पुसायचो. कारण आमच्या लाखनीत तेव्हा ऑक्टोबर हीट चालू असते! भंडाऱ्याहून साकोलीकडे जाताना महामार्गावर लागतं ते आमचं गाव. चहूकडे धान. धान पिवळा पडला की समजायचं, पाऊस संपला, आता थंडी येणार.

आणि ती येतेही एकदम. समुद्र दूर, आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर थंड होते. दुपारी हाफ शर्ट, पहाटे कुडकुड! २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. आमच्याकडेही तेव्हा दात वाजत होते.

दिवाळी झाली की एका सकाळी आई म्हणते, "बाबू, पलंगाखालची पेटी ओढ बरं." झाला आमचा हिवाळा सुरू! पेटीतून डांबर गोळ्यांचा वास येतो. आजीच्या लुगड्यांची वाकळ, बाबांचा स्वेटर, माझे शाळेचे स्वेटर, कानटोप्या... सगळं अंगणात उन्हात पडतं. कसर लोकर खाते, सुती कपड्याला सहसा हात लावत नाही. म्हणून वाकळ टिकते आणि स्वेटरला भोकं पडतात.

इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं, स्वेटर स्वतः गरम नसतोच! तो फक्त हवा अडकवून ठेवतो. स्थिर हवेची उष्णतावाहकता ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्विनच्या आसपास, म्हणजे फारच कमी. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे पडतात. वाकळीत आजीने हेच केलं होतं, तेही हीट ट्रान्स्फरचा पेपर न देता!

पण होस्टेलात थिअरी कोण पाहतो? सगळ्यांकडे जॅकेटं. मी एकटाच स्वेटरवाला. यंदा घरी फोन केला, "बाबा, जॅकेट घ्यायचं होतं. पंधराशे लागतील."

"पाठवतो," एवढंच म्हणाले. पाचव्या दिवशी पैसे आले.

नागपुरात हिवाळ्यात तिबेटी लोकांचा स्वेटर बाजार लागतो, तिथे गेलो. आपल्या भागातही त्यांची वसाहत आहे, गोठणगावजवळची नॉर्ग्येलिंग. १९७२ मध्ये वसली तेव्हा तो भंडारा जिल्हा होता, १९९९ पासून गोंदिया. घासाघीस करून निळं जॅकेट घेतलं आणि ऐटीत गावी गेलो.

बाबा घरी नव्हते. कापणी होऊन शेतात धानाचे पुंजणे लागले होते. मळणी होईपर्यंत रात्री राखण करावी लागते. रानडुकरं येतात, आगीची भीती असते. आईने डबा दिला, मी सायकल काढली.

शेकोटीपाशी बाबा बसले होते. अंगात माझा दहावीचा मरून स्वेटर! छातीवर शाळेचा मोनोग्राम, बाह्या मनगटाच्या वरच संपलेल्या.

"तुमचा कुठे गेला?"

"कसरीनं खाल्ला. हा बेस आहे."

घरी आल्यावर आईला विचारलं. ती आधी बोलेना. मग म्हणाली, "नवीन घ्यायला ठेवले होते पैसे. तुझा फोन आला. धान तर अजून विकला नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. वाकळ अंगावर असूनही!

सकाळी जॅकेट द्यायला गेलो तर बाबा ऐकेनात. "होस्टेलात थंडी जास्त राह्यते. मले शेकोटी आहे." मी वाद घातला नाही. निघताना जॅकेट मुद्दाम खुंटीवर 'विसरलो' आणि मरून स्वेटर बॅगेत भरला.

नागपूरला एसटीतून उतरतो तोच फोन. "बाबू, जॅकेट राह्यलं ना तुझं!"

"राहू द्या बाबा. पुंजणे उठेपर्यंत घाला."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "बाह्या लांब होऊन राह्यल्या मले."

सध्या मी आत बनियन, त्यावर मरून स्वेटर, त्यावर शर्ट असा फिरतो. तीन थर! काखेत जरा आवळतो, पण थंडी वाजत नाही. रूम पार्टनर मोनोग्राम पाहून हसतात. हसोत बिचारे.

मित्रांनो, एकच सांगायचं होतं. घरून फोन आला की आपण सांगतो, "इकडे खूप थंडी आहे." पुढच्या वेळी एवढंही विचारा, "तुम्ही काय घालता?"